मोहावीतल्या हौशी शर्यतींच्या बाजूने, काही अटींसह

मोहावी वाळवंटातील हौशी मोटरसायकल शर्यती चालू राहिल्या पाहिजेत असे माझे मत आहे, आणि त्या आखून दिलेल्या जागेबाहेर हातभरही सरकू नयेत असेही माझेच मत आहे. इकडे दक्षिण कॅलिफोर्नियात ही दोन मते एकत्र बाळगणाऱ्या माणसाकडे शर्यतवाले आणि निसर्गरक्षक अशा दोन्ही गोटांतील लोक संशयाने पाहतात. आपल्या मराठी मित्रमंडळींतही या विषयावर अधूनमधून वाद झडतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे वर्णन करतो. ‘हेअर अँड हाउंड’ या प्रकारात सारे स्पर्धक उघड्या माळावर एका लांबलचक आडव्या रांगेत, इंजिने बंद ठेवून उभे राहतात. समोर दूरवर एक मोठा कापडी फलक धरलेला असतो. तो खाली आला की गाड्या सुरू होतात आणि सगळेच्या सगळे एकदम दोन-तीन किलोमीटरवरच्या एका खुणेकडे सुटतात. त्या खुणेला ‘बॉम्ब’ म्हणतात, कारण पूर्वी तिथे जुने टायर जाळून धुराचा लोट उठवत असत. तिथवर आखलेली वाट नसते. झुडपे, घळी आणि दगडधोंडे यांतून ज्याने त्याने आपला रस्ता काढायचा असतो, आणि आघाडीचे मोजके स्वार सोडले तर बाकीच्यांना धुळीत पुढचे फारसे काही दिसत नाही. पुढे रंगीत फिती आणि बाण लावून आखलेला मार्ग सुरू होतो. साठ-सत्तर किलोमीटरचा फेरा, पेट्रोलसाठी तळावर परत, मग दुसरा फेरा, असा तो साधारण क्रम असतो.

या खेळाचा कणा म्हणजे क्लब. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या ‘डिस्ट्रिक्ट ३७’ या दक्षिण कॅलिफोर्नियातील शाखेखाली चेकर्स, हंड्रेड्स, फोर एसेस यांसारखे जुने क्लब आहेत आणि शर्यती भरवण्याचे काम ते आपसांत वाटून घेतात. ज्या क्लबाची पाळी असते त्याचे सभासद त्या दिवशी सहसा स्वतः पळत नाहीत. परवाने काढणे, विम्याची सोय करणे, आठवडेच्या आठवडे वाळवंटात जाऊन मार्ग आखणे, तपासणी-ठाण्यांवर उन्हात बसून नंबर टिपणे, शेवटच्या स्वारामागून जाऊन कोणी पडून राहिला आहे का हे पाहणे आणि नंतर लावलेली प्रत्येक फीत काढून आणणे, ही सगळी कामे पगाराविना होतात. जिंकणाऱ्याला मिळून मिळून मिळते काय, तर एक ट्रॉफी. मोसमाच्या गुणतक्त्यात वरचे स्थान मिळवले तर पुढच्या वर्षी गाडीच्या पाटीवर तोच क्रमांक लावण्याचा मान. शर्यत पूर्ण करणाऱ्यांना छोटीशी पिन मिळते, आणि ती मिळवण्यासाठी साठीच्या पुढचे गृहस्थही हाडे खिळखिळी करून घेतात. या रांगेत पूर्वी हॉलिवुडचा नट स्टीव्ह मॅक्वीनही उभा राहत असे, आणि कधी कधी ‘हार्वी मशमन’ अशा बनावट नावाने नोंदणी करत असे. नाव लपवून धूळ खायला येण्याइतके आकर्षण ज्या खेळात आहे त्याला पैशाचा माज म्हणून हिणवणे मला पटत नाही. शर्यतीची गाडी स्वस्त नसते हे खरे. पण तळावर जुन्या, टाकीला डाग दिलेल्या गाड्या आणि स्वतःच टायर बदलणारे मेकॅनिक, शिक्षक, सुतार हेच अधिक दिसतात.

आता दुसरी बाजू, जी माझ्या क्लबातील मित्रांना आवडत नाही.

१९६७ साली बार्स्टो ते लास व्हेगास अशी शर्यत सुरू झाली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत होणारी, सुमारे अडीचशे किलोमीटरची. काही वर्षांतच तीत भाग घेणाऱ्यांचा आकडा तीन हजारांच्या घरात गेला. एवढ्या गाड्या एका रांगेतून एकदम सुटल्या की जमिनीचे काय होते, याचा अभ्यास ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय जमीन-खात्याने १९७४ च्या शर्यतीच्या वेळी केला आणि पुढच्या वर्षापासून परवाना नाकारला. मग अनेक वर्षे ‘फँटम डक’ या नावाखाली निषेधाच्या फेऱ्या निघत राहिल्या. १९८३ मध्ये संख्येवर मर्यादा घालून शर्यतीला पुन्हा परवानगी मिळाली, पण १९८९ नंतर ती कायमची थांबली, कारण त्याच सुमारास वाळवंटी कासवाला कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या निषेधाच्या जिद्दीचे मला कौतुक वाटते. मात्र ‘वाळवंट रिकामे आहे, तिथे नुकसान ते कसले’ हा त्यामागचा युक्तिवाद तेव्हाही चुकीचा होता आणि आजही तो तळावरच्या शेकोटीभोवती ऐकू येतो तेव्हा मला त्याची चीड येते.

मोहावीच्या बऱ्याच भागात वरचा थर म्हणजे एकमेकांत घट्ट बसलेल्या खड्यांची फरसबंदी किंवा सूक्ष्म जीवाणू आणि दगडफुलासारखे जीव यांनी बांधून ठेवलेली पापडी असते. ती एका चाकाने फुटते आणि फुटली की खालची माती वाऱ्यावर जाते. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या जनरल पॅटनने आपल्या सैन्याच्या सरावासाठी इथे रणगाडे फिरवले; त्यांच्या पट्ट्यांचे माग काही ठिकाणी आजही दिसतात. जॉन्सन व्हॅली या शर्यतींच्या मुख्य क्षेत्राजवळ क्रिओसोटच्या झुडपांचे एक वर्तुळ आहे. ते एकाच मुळापासून पसरलेले असून त्याचे वय सुमारे ११,७०० वर्षे मानले जाते. आज त्याला कुंपण आहे. त्याच्यासारखी दिसणारी, तितकी जुनी नसली तरी शेकडो वर्षांची झुडपे मात्र बिनकुंपणाची उभी आहेत आणि स्वाराला ती केवळ अडथळा वाटतात. कासव तर आयुष्याचा बहुतेक काळ बिळात काढते. बिळावरून गाडी गेली हे स्वाराला कळतही नाही, आणि एका पिल्लाला स्वतः अंडी घालण्याच्या वयात यायला दीड-दोन दशके लागतात.

यावर क्लबांचे उत्तर असे असते की कासवांना खरा त्रास माणसांच्या कचऱ्यावर पोसलेल्या डोमकावळ्यांचा, महामार्गांचा आणि रोगांचा आहे. इव्हानपाहच्या सौरऊर्जा प्रकल्पासाठी तर कासवे उचलून दुसरीकडे नेली, तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. हे सगळे खरे आहे. जॉन्सन व्हॅलीचा मोठा तुकडा मरीन दलाच्या तळाने घेतला, ही त्यांची तक्रारही रास्त आहे. शिवाय या गाड्यांच्या नोंदणी-शुल्कातून जमीन दुरुस्तीसाठी पैसा उभा करण्याची व्यवस्था राज्यात १९७१ पासून आहे, म्हणजे स्वार फुकट खेळत नाहीत. पण यातून फार तर एवढेच सिद्ध होते की दोषी अनेक आहेत.

माझा आग्रह आहे तो सुरुवातीच्या रांगेबद्दल. आखलेला मार्ग बहुधा जुन्या चाकोऱ्यांवरूनच जातो; नवी जमीन फुटते ती बॉम्बकडे सुटणाऱ्या झुंडीखाली. तरीही ती रांग रद्द करून एकेकाला सोडावे असे मी म्हणणार नाही, कारण मग या शर्यतीत आणि इतर कुठल्याही शर्यतीत फरक उरणार नाही. प्रत्येक क्लबाने सुरुवातीचे माळ ठरवून घ्यावेत आणि आधीच तुडवलेल्या त्याच जमिनीवर वर्षानुवर्षे सुरुवात करावी. दृश्य दर वेळी तेच दिसेल; दिसू द्यावे. वसंतात कासवे बिळाबाहेर फिरतात, त्या काळातल्या शर्यती कमी कराव्यात, ही मागणी मात्र वाटते तितकी सोपी नाही: उन्हाळ्यात पारा चाळिशीवर जातो, तेव्हा पळणे शक्य नसते, आणि थंडीचे शनिवार-रविवार आधीच क्लबांनी भरलेले असतात. तिथे कोणाला तरी आपली तारीख सोडावी लागेल.

२०१९ च्या केंद्रीय कायद्याने जॉन्सन व्हॅली, स्टॉडर्ड व्हॅली, स्पँग्लर हिल्स अशी काही क्षेत्रे अशा गाड्यांसाठी कायम राखून ठेवली. माझ्या मते क्लबांनी हा तह मनापासून स्वीकारावा. राखीव जागेबाहेर रात्रीबेरात्री माग पाडत हिंडणाऱ्या टोळक्यांना आपले म्हणून पाठीशी घालणे त्यांनी आता थांबवावे. २०१० मध्ये याच जॉन्सन व्हॅलीत ट्रकांच्या रात्रीच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून आठ जण मेले. त्यानंतर परवान्यांची तपासणी कडक झाली आणि तिचा भार लहान मोटरसायकल क्लबांवरही पडला. शंभर-दोनशे स्वारांच्या शर्यतीला मोठ्या व्यावसायिक कार्यक्रमाइतकीच कागदपत्रे मागू नयेत, एवढे या क्लबांच्या बाजूने जमीन-खात्यालाही सांगायला हवे.

इकडच्या मराठी मंडळींपैकी कोणाला पाहायला यायचे असेल तर जरूर या. मुले सोबत असतील तर तळाजवळच थांबा, मार्गाच्या वळणाबाहेरच्या बाजूला कधीही उभे राहू नका, पाणी वाटते त्याच्या दुप्पट आणा. कासव दिसले तर उचलू नका. कायद्याने ते निषिद्ध आहेच, शिवाय घाबरले की ते साठवलेले पाणी मूत्रावाटे टाकून देते आणि कोरड्या दिवसांत तेवढ्यानेही मरू शकते. परत निघताना गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून चाकांमागे पाहा, कारण सावलीसाठी ती तिथे येऊन बसतात.