‘सर्ज प्रोटेक्टर असूनही टीव्ही जळाला’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानातून घेतलेली सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे विजेच्या क्षणिक झटक्यापासून उपकरणे वाचवणारी सॉकेटची पट्टी लावलेली असतानाही वळवाच्या वाऱ्यात आपला टीव्ही जळाला, फ्रिजचा बोर्ड गेला, म्हणून आपण आमचा माल बनावट ठरवून भरपाई मागितली आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात फ्रिज बंद पडणे म्हणजे काय, हे आम्हीही जाणतो. परंतु हा आरोप आम्हाला मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्याच मजकुरात आहे.

आपण लिहिले आहे की, घरातले दिवे एकाएकी प्रखर झाले, शेजारचे मंदावले आणि काही मिनिटांनी पट्टीतून जळका वास आला. ही लक्षणे आकाशातल्या विजेची नव्हेत, न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार, तुटल्याची आहेत. खांबावर तिन्ही फेजना, म्हणजे वीज आणणाऱ्या तिन्ही तारांना, मिळून एकच न्यूट्रल असतो. तो शाबूत असेपर्यंत प्रत्येक घराला 230 व्होल्ट मिळतात. तो सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे सुमारे 400 व्होल्ट आपसांत वाटून घेतात आणि ज्या घरात भार कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. शेजारी कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर चालू असेल आणि आपल्याकडे दोन दिवे व टीव्ही एवढेच असेल, तर आपल्याकडे व्होल्टेज 300 च्या वर जाऊ शकते. अशा वेळी एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पडेलच असे नाही, कारण ती करंट पाहते, व्होल्टेज पाहत नाही.

पट्टीतला व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज शोषणारा भाग, काही मायक्रोसेकंद टिकणारा झटका झेलण्यासाठी असतो. जवळपास वीज पडली किंवा मोठी मोटर बंद झाली की तो झटका येतो. मिनिटभर चढलेले व्होल्टेज सोसणे त्याच्या आवाक्यात नसते. तो तापतो आणि जळतो. ती पट्टी कृपया पुन्हा वापरू नका, कारण व्हॅरिस्टर गेल्यावरही पुष्कळ पट्ट्यांचे सॉकेट चालूच राहतात. फ्रिज तर त्या पट्टीवर नव्हताच, हे आपणच नमूद केले आहे.

न्यूट्रल तुटल्यावर उपयोगी पडतो तो मुख्य बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर; व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तो घराचा पुरवठाच तोडतो. आकाशातल्या विजेसाठी त्याच बोर्डात टाइप 2 चा, म्हणजे बोर्डात बसणाऱ्या प्रकारचा सर्ज प्रोटेक्टर हवा, पण त्याचा उपयोग अर्थिंग (जमिनीशी केलेली जोडणी) चांगले असेल तरच होतो, आणि आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला अनेक घरे विसरतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. वायरमनने तात्पुरता उपाय म्हणून अर्थिंगची तारच न्यूट्रलला जोडण्याचे सुचवले, असे आपण लिहिले आहे. तसे कदापि करू देऊ नका, कारण त्यामुळे फ्रिजच्या पत्र्यात, गीझरच्या नळात वीज उतरू शकते आणि घरातल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

टीव्ही-फ्रिजच्या दुरुस्तीचा खर्च आम्ही देऊ शकत नाही. पट्टीची वॉरंटी पट्टीपुरतीच असते. मात्र जळालेली पट्टी घेऊन या, ती आपल्यासमोर उघडून दाखवू आणि आमचा माणूस घरी येऊन अर्थिंग व व्होल्टेज विनामूल्य मोजून देईल. खांबावरची न्यूट्रलची जोडणी पक्की झाल्याची खात्री होईपर्यंत नवा टीव्ही लावू नये, ही विनंती.

आपला,
दुकानमालक