लोणच्यात नसलेली वस्तू

शुक्रवारपासून बिल्डिंगमधले काहीजण मला जिन्यात बघून हसतायत, आणि तेही तोंडावर रुमाल धरून, अगदी सभ्यपणे, त्याचाच जास्त राग येतो.

गोव्यातला म्हापशाचा बाजार, मे महिना, पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस. घरून हुकूम होता, आंब्याचं मिस्कूट आण पण प्रिझर्व्हेटिव्हवालं आणू नकोस. मी लोणचीवाल्या मावशींना सरळ विचारलं, "मावशी, ह्याच्यात प्रिझर्व्हेटिव्ह आहे का हो?" ह्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

मागे एक आजोबा उभे होते. ऐंशीच्या पुढचे, डोक्याला हॅट, कापडी पिशवीतून सुक्या बांगड्यांच्या शेपट्या बाहेर डोकावतायत. मला आधी वाटलं खोकला लागलाय त्यांना, पाणी देऊ का म्हणून वळलो, तर हसत होते.

"प्रेझेर्वातीवु!" ते अख्ख्या बाजाराला म्हणाले. "लोणच्यांत! आरे बाबा, तें फार्मासींत मेळटा!"

"कितें म्हणटा हो?" मावशींनी मला विचारलं, म्हणजे दुभाष्याचं कामही माझ्याच गळ्यात. पण आजोबांना दुभाषी कशाला हवा? १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेला माणूस, तेव्हापासून हा एक शब्द चुकीच्या जागी कोणी वापरतोय का म्हणून वाट बघत बसल्यासारखा खूश झालेला. पोर्तुगीजमध्ये प्रेझेर्वातीवु म्हणजे कुटुंबनियोजनाची ती रबराची वस्तू, हे त्यांनी खुलासेवार सांगितलं, हाताने दाखवणारही होते पण हातात पिशवी, त्यामुळे नुसत्या शेपट्या हलल्या. सुक्या मासळीवाली पदर तोंडात कोंबून बसली. सोलांवाल्याने गिऱ्हाईक सोडलं आणि आमच्याकडे सरकला. आणि मिरच्यांच्या ढिगापलीकडे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकी उभ्या होत्या, हे मला फार उशिरा दिसलं.

"फ्रांसांत वच, जर्मनींत वच, रशियांत वच आनी विचार, लोणच्यांत प्रेझेर्वातीवु आसा काय म्हूण! पोलिसांक आपयतले!"

घरी येऊन शोधलं, तर म्हातारा खरा निघाला. फ्रेंच, जर्मन, रशियन, इटालियन, स्पॅनिश, सगळ्यांनी ह्या शब्दाचं तेच करून ठेवलंय. फ्रेंच लोक लोणच्यातल्या त्या रसायनाला म्हणतात काँझर्व्हातर, आणि म्युझियमचा क्युरेटर असतो तोही काँझर्व्हातर, आणि जुन्या वळणाचा राजकारणीही तोच! त्यांना चालतं. आपल्याकडे माणूस अपघातातून वाचतो आणि सकाळी पेपरही वाचतो, आपण हसतो का कोणाला? मी मराठी माणूस, मराठीत बोलताना इंग्रजी शब्द इंग्रजी अर्थाने वापरला, ह्यात पोर्तुगालचा संबंध येतो कुठे? आणि आलाच तर पुरुमेंत हा शब्द तरी कुठला, प्रोव्हिमेंतु म्हणजे शिधासामग्री, त्याची मोडतोड करून आपण तो खिशात घातला तेव्हा हॅटवाले कुठे होते?

बरं, हल्ली पुरुमेंत करायची गरज तरी कुठे उरलीय. पूर्वी पावसात काही मिळायचं नाही म्हणून खारवलेली मासळी, सोलं, छेपणीची तोरं म्हणजे मिठात घातलेल्या कैऱ्या, व्हिनेगर, सगळं भरून ठेवायचे. आता १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असले तरी सुपरमार्केटचा फ्रीझर चालूच. गाडीगाडीवर सेव्ह गोवा, सेव्ह म्हादई, आणि ज्या आगरातल्या मिठावर ही लोणची टिकायची ती आगरं एकेक करून बुजतायत, मीठ पिशवीतलं, पांढरंशुभ्र, परराज्यातलं. त्यावर कोणी भर बाजारात ओरडत नाही. ओरडायचं माझ्यावर.

असो. तर आजोबांनी मला सोडलं नाही. "कोंसेर्वांत म्हण. कोंसेर्वांत!" मी म्हटलं. "न्हय, नाकांतल्यान!" मी नाकातून म्हटलं. भर बाजारात, पन्नाशीचा माणूस, हातात रिकामी पिशवी घेऊन नाकातून कोंसेर्वांत म्हणतोय आणि काकी मिरच्या निवडायच्या सोडून बघतायत. आजोबा प्रसन्न झाले, माझ्या पाठीवर थाप मारली, "बरें जालें" म्हणाले आणि शेपट्या हलवत निघून गेले. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहूनच गेलं.

मी परत विचारलं, शब्द बदलून. "मावशी, सोडियम बेंझोएट?"

मावशींनी सोलांवाल्याकडे बघितलं. सोलांवाल्याने आजोबा गेले त्या दिशेला बघितलं.

तेवढ्यात आठवलं की पाकिटांवर ह्या बेंझोएटचा नंबर छापतात, आणि नंबराला कुठल्याच भाषेत वाईट अर्थ नसतो. "२११ आहे का ह्याच्यात, मावशी? दोनशे अकरा?"

"दोनशें अकरा खंयचें?" मावशी भडकल्या. "दोनशें साठ! एक पयसो उणो जावचो ना!"

दिले दोनशे साठ.