एक बाटली = एक गोणी? मक्याचं गणित तरी मांडून बघा

"नॅनो युरियाची अर्धा लिटरची बाटली म्हणजे 45 किलोची गोणी, मक्यावर दोन फवारे मारा, गोणी आणूच नका, पीकही येतं आणि जमीनही वाचते." हा मेसेज परत फिरायला लागलाय (नॅनो युरिया म्हणजे पानांवर फवारायचा बाटलीतला पातळ युरिया). त्यात सगळंच खोटं नाहीये, पण जे मुख्य आहे तेच खोटं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, बाटली बरोबर गोणी. गोणीत 46 टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे 20 किलोच्या वर. 2021 ला जी बाटली आली तिच्यात 4 टक्के, म्हणजे अर्ध्या लिटरमागे 20 ग्रॅम. किलो आणि ग्रॅम, हजार पटीचा फरक आहे राव! नंतर जास्त टक्क्यांचा माल आला, ठीक, वीस टक्के धरा, तरी 100 ग्रॅमच. आता मका काय मागतो ते बघा. दाण्यात साधारण दीड टक्क्याच्या आत-बाहेर नत्र असतं, एकरी 25 क्विंटल काढायचा तर नुसत्या दाण्यातूनच 35 किलोच्या आसपास शेताबाहेर जातं, कडब्याचं वेगळं. ते बाटलीतून कुठून येणार?

दुसरा, "पानातून 85-90 टक्के लागू होतं, जमिनीतून निम्मं वाया जातं." वाया जातं हे खरंय. पण गोणीतलं दोन तृतीयांश गेलं असं धरलं तरी सातेक किलो पिकाला मिळतं आणि बाटलीतलं सगळंच्या सगळं लागलं तरी 20 ग्रॅमचे 20 ग्रॅमच राहणार, कार्यक्षमता वाढली म्हणून नसलेलं नत्र तयार होत नाही ना.

तिसरा, "विद्यापीठांनी सिद्ध केलंय." लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं भात-गव्हावर बघितलं, जमिनीतलं नत्र निम्मं करून नॅनोचे फवारे दिले तर गहू 21.6 टक्के आणि भात 13 टक्के घटला. मका नव्हता त्यात, मान्य, पण मका काही कमी खादाड नाही. आणि अर्ध्या डोसात उत्पन्न टिकलं असं कोणी दाखवलं तर एकच विचारा, अर्धा युरिया आणि नुसतं साधं पाणी फवारलेला प्लॉट शेजारी होता का? नसेल तर कमाल बाटलीची की जमिनीत आधीच शिल्लक असलेल्या नत्राची, कळणार कसं.

चौथा, पर्यावरण. इथे मेसेजवाल्याचा मुद्दा बरोबर आहे. उन्हात वरून फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो, जास्त पाण्यात नायट्रेट खाली झिरपतं, आणि पाणी साचलं की नायट्रस ऑक्साइड निघतो जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा 270 पटींच्या वर तापवतो. पण यावर उपाय म्हणजे पिकाला उपाशी ठेवणं नव्हे. डोस एकदम न टाकता तीन हप्त्यांत द्या, पेरणीला, महिन्याने आणि तुरा यायच्या आधी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, मातीआड करा, ठिबक असेल तर त्यातून सोडा.

फवारणी मग बिनकामाची का? अजिबात नाही. पावसाने वाफ्यात पाणी तुंबलं, मुळं काम करेनात, पानं पिवळी पडली की तेव्हा तिचा उपयोग असतो. आणि त्यासाठी गोणीतलाच युरिया चालतो, दोन टक्के म्हणजे दहा लिटरला 200 ग्रॅम. एकरी 200 लिटर पाणी लागलं तर 4 किलो युरिया, त्यात 1.84 किलो नत्र, पहिल्या बाटलीच्या नव्वद पट, आणि गोणी 266.50 रुपयाला असताना खर्च पंचवीस रुपयांच्या आत! बाटली सव्वादोनशेच्या घरात जाते. फक्त दुपारच्या उन्हात मारू नका, पानं करपतात, आणि तणनाशकाचा पंप न धुता वापरू नका (हे सांगावं लागतंच).

राहिला प्रश्न दुकानदार लिंकिंग करून, म्हणजे बाटली घेतली तरच गोणी देतो म्हणत, बाटली गळ्यात मारतो त्याचा. आलीच घरी तर फवारून टाका, मका काही मरत नाही त्याने, पण तिच्या भरवशावर शेवटचा हप्ता तेवढा कापू नका.