लहान मुलांना रंगही दिसतो आणि अन्यायही कळतो

परवा जाऊबाईंनी फॅमिली ग्रुपवर तो फिरणारा फॉरवर्ड टाकला. लहान मुलांना रंग दिसत नाही, न्याय-अन्याय कळत नाही, आईबाप शिकवतात तेच ती बोलतात, वर्णभेदाचा विषय काढलात तर तुम्हीच तो त्यांच्या डोक्यात भराल, 12 वर्षांपर्यंत थांबा. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

रंग दिसत नाही हे साफ खोटं आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने अमेरिकेत 253 कृष्णवर्णीय मुलांपुढे, वय 3 ते 7, गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या, कातडी आणि केसांचा रंग सोडला तर सगळ्या सारख्याच. निम्म्याहून जास्त मुलांनी वाईट दिसणारी म्हणून सावळी दाखवली, आणि मग यातली तुझ्यासारखी कुठली विचारल्यावर काही मुलं चक्क रडली. हे 1947 साली छापून आलंय, आणि 1954 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे.

राग आला तो ‘12 वर्षांपर्यंत थांबा’चा. थांबायचं कुणी? रूबी ब्रिजेस ही कृष्णवर्णीय मुलगी 1960 मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या गोऱ्यांच्या शाळेत गेली तेव्हा 6 वर्षांची होती, सोबत फेडरल मार्शल म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस, बाहेर तिच्यावर ओरडणारी मोठी माणसं, गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली आणि ती वर्षभर एका शिक्षिकेपुढे एकटी शिकली. तिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. ज्या मुलाला खेळात घेत नाहीत त्याला कारण त्याच दिवशी कळतं.

आणि शिकवलेलं बोलतात म्हणाल तर, माझी लेक पाच वर्षांची असताना तिला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्सची गोष्ट सांगत होते, 1955, बसमध्ये गोऱ्या माणसासाठी उठली नाही म्हणून अटक. का पकडलं विचारलं तर मी म्हटलं, तेव्हा कायदाच तसा होता. तर म्हणाली, ‘मग कायदा लिहिणाऱ्याला पकडायचं ना, ती तर नुसती बसली होती.’ लगेच पुढे, ‘बाकीचे लोक काय करत होते?’ पुढे लोकांनी 381 दिवस बसवर बहिष्कार टाकला हे ऐकूनही तिचं समाधान होईना, पार्क्सबाईंना झालेला दंड परत मिळाला का ते तिला हवं होतं. यातलं एक अक्षर मी शिकवलेलं नव्हतं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते, मुलांचे गट पाडून सतत त्यावरच बोट ठेवलं तर भेद वाढतो. मानसशास्त्रज्ञ रेबेका बिगलर यांच्या प्रयोगात निळे-पिवळे टी-शर्ट नुसते घालायला देऊन फारसं काही झालं नाही, शिक्षक त्या रंगांवरून वर्ग चालवायला लागले तेव्हा मुलांना आपलाच गट भारी वाटू लागला. पण मग हे गट पाडणाऱ्यांना सांगा, मुलाच्या प्रश्नाला खरं उत्तर देणाऱ्या आईबापांना कशाला?