विटा, जॅक आणि हवा: मोटारहोमबद्दल फिरणारा सल्ला धोक्याचा आहे

हिवाळा लागला की खान्देशात शेतोशेती भरीत पार्ट्या रंगतात, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तोरणमाळला पर्यटक चढतात. या वाटांवर आता मोटारहोमही, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्याही, दिसतात. त्यांच्यासाठी एक मेसेज गटागटांतून फिरतो आहे. आशय असा: मुक्कामाला गाडी लेव्हल करणे, म्हणजे सपाट उभी करणे, हे चोचले आहेत. करायचीच असेल तर चाकाखाली विटा किंवा दगड घाला, चारही कोपऱ्यांना जॅक लावून चाके मोकळी करा, उंच बाजूच्या टायरची हवा सोडा. हे जमत नसेल तर तेलाच्या दाबाने गाडी उचलणारी महागडी हायड्रॉलिक यंत्रणा बसवल्याशिवाय इलाज नाही.

खर्च वाचवण्याचा हेतू मला मनापासून पटतो. पण त्यासाठी सुचवलेले मार्ग गाडीचे नाहीतर माणसाचे नुकसान करणारे आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, लेव्हल म्हणजे चोचले. गाडीत गॅसवर चालणारा, शोषण पद्धतीचा फ्रिज असेल तर हे विधान सरळ चूक आहे. त्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. आतले अमोनियाचे द्रावण केवळ उतारामुळे खाली वाहत राहते. गाडी आडवी कलली की ते नळीत अडते, फ्रिज थंड होत नाही आणि तसाच तासन् तास चालू ठेवला तर कायमचा निकामी होऊ शकतो. अशा फ्रिजांना आडवा कल साधारण ३ अंशांपर्यंतच चालतो. कॉम्प्रेसरचा फ्रिज बराच जास्त कल सोसतो. तरीही मोरीतले पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात तुंबते, दार आपोआप उघडते किंवा मिटते, गॅसवरच्या कढईतले तेल एका बाजूला जमते. लहान मुले असलेल्या गाडीत उकळत्या तेलाला चोचले म्हणता येत नाही.

कल मोजायला गवंड्याची पाणसळ आणि एक मीटरची सरळ पट्टी पुरते. पट्टी गाडीच्या फरशीवर आडवी ठेवा, वर पाणसळ, आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पट्टीचे खालचे टोक उचला. फरशी आणि पट्टी यांत पडलेली फट चाकांमधल्या अंतराने गुणा. फट ३ सेंटिमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १.७ मीटर असेल, तर खालची बाजू साधारण ५ सेंटिमीटर उचलायची आहे, म्हणजे दोन इंची एकच फळी. लांबीत मात्र तोच कल महाग पडतो. फोर्स ट्रॅव्हलरच्या ३३५० मॉडेलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांत ३३५० मिलिमीटर अंतर आहे. तिथे त्याच ३ सेंटिमीटर फटीसाठी १० सेंटिमीटर उचल लागते. म्हणून जागा निवडताना लांबीतला उतार टाळा, आडवा उतार फळ्यांवर भागतो. मोबाइलवरची लेव्हल वापरायची तर कव्हर आणि मागच्या कॅमेऱ्याचा उंचवटा यांनी चुकीचे माप येत नाही ना, ते पाहून घ्या.

आता विटा. चार टनांच्या गाडीत मागच्या एका बाजूवर हजार-बाराशे किलो सहज येतात. भट्टीची वीट भिंतीत चारी बाजूंनी दाबलेली असते म्हणून टिकते. सुटी वीट टायरखाली आली की चढतानाच उलटते किंवा कोपऱ्यातून फुटते. पोकळ सिमेंटचा ठोकळा तर अचानक आणि तुकड्यांत फुटतो. नदीतले गोटे घरंगळतात. वखारीत बाभळीचे दोन इंच जाडीचे तुकडे मागा. टायरपेक्षा थोड्या रुंद अशा तीन फळ्या, खालची सर्वांत लांब, वरची सर्वांत आखूड, अशा पायऱ्या करून स्क्रूने एकत्र जोडा आणि चढायच्या बाजूला तिरक्या कापून घ्या. वरची फळी एवढी लांब हवी की टायरचा जमिनीला टेकणारा पूर्ण भाग तिच्यावर बसेल. अर्धा टायर हवेत राहिला तर आतले धागे तुटतात. मागे जोड-टायर असतील तर दोन्ही फळीवर हवेत, नाहीतर सगळे वजन एकाच टायरवर येते. हलके प्लायवूड घेऊ नका, ओलीत त्याचे थर सुटतात.

चारही कोपऱ्यांना जॅक लावून चाके मोकळी करण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे आणि तोच सर्वांत आत्मविश्वासाने दिला जातो. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाके अधांतरी झाली की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडीला धरणारे काही उरत नाही. गिअरच्या भरवशावर असाल आणि मागचे एकच चाक उचलले असेल, तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरमुळे, ते चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक मोकळे धावते. शिवाय चार कोपऱ्यांवर कमी-जास्त जोर लागला की चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळतो. दार घासू लागले, खिडकी अडकली की समजा जोर जास्त झाला. पुढच्या पावसाळ्यात त्याच सांध्यांतून पाणी गळते.

जॅकचे खरे काम गाडी उचलणे नव्हे, डुलणे थांबवणे हे आहे. रावेर-यावलकडे घड लागलेल्या केळीला बांबूचा टेकू देतात, तो झाडाला वर उचलत नाही, फक्त वाऱ्यात झुकू देत नाही, तसे. उंची फळ्यांनी आधी साधायची, चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावायच्या, आणि मगच मागच्या कोपऱ्यांत चॅसिसच्या मजबूत पट्टीखाली स्क्रूचे दोन जॅक हाताने घट्ट करायचे, वर फार तर अर्धा फेरा. जुन्या बाजारात असे जॅक स्वस्तात मिळतात, फक्त आटे झिजलेले नाहीत ना ते पाहा. तेलाचा बाटली-जॅक रात्रभर ठेवू नका, तो हळूहळू उतरतो. आणि जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचे नाही, लोखंडी घोडी लावल्याशिवाय तर नाहीच.

यात आपल्या मातीचा विचार मेसेजमध्ये कुठेच नाही. बेसॉल्ट झिजून झालेली आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जॅकचे बूड १० सेंटिमीटर चौरस धरा. त्यावर ५०० किलो आले तर दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब पडतो. खाली ३० सेंटिमीटर चौरस फळी दिली की तोच दाब अर्धा किलोच्या जरा वर राहतो. बागायती वावरात वरून कोरडी दिसणारी जमीन आत ओली असते, ठिबकजवळ तर नक्कीच. तिथे फळी नसलेला जॅक पहाटेपर्यंत रुततो आणि गाडी एका अंगाला बसते. शक्य तिथे मुरमाची जागा धरा. तापीकाठच्या गाळावर फळ्या अधिक रुंद घ्या, आणि सकाळी पाणसळ पुन्हा एकदा लावून पाहा.

हवा सोडण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. टायरची हवा सोडून मिळते ती दोन-तीन सेंटिमीटरची घट, आणि बदल्यात बाजूची भिंत दुमडून टायर जातो. सकाळी हवा भरायचे विसरून भुसावळ-जळगावच्या उन्हात निघालात, तर कमी हवेचा टायर तापून फुटतो.

राहिली हायड्रॉलिक यंत्रणा. ती वाईट नाही. रोज मुक्काम बदलणाऱ्या मोठ्या गाडीला किंवा फळ्या उचलणे न झेपणाऱ्या वयस्कर जोडप्याला ती सोयीची आहे. पण तिच्याही पायांखाली काळ्या मातीत लाकूड द्यावेच लागते. बाकीच्यांनी फळ्या, पाचरी, पाणसळ आणि दोन स्क्रू-जॅक घेतले तरी भागते. निघताना क्रम उलटा ठेवा: आधी जॅक सैल करून काढा, मग चालक जागेवर बसून ब्रेक दाबल्यावर पाचरी काढा, आणि फळ्यांवरून उतरताना गाडीपुढे कुणी उभे नाही याची खात्री करा.