मलम सुरू करताना थांबायची तारीखही विचारा

स्टेरॉईड आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम हे चांगलं औषध आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी घाबरून हातातली ट्यूब फेकून देऊ नये. नेमक्या दुखण्यावर, नेमक्या जागी, मोजके दिवस लावलं तर त्याचा गुण येतो. पण माझं ठाम मत आहे की ही ट्यूब घरच्या औषधाच्या डब्यात कायम पडून राहायची वस्तू नव्हे. खाजलं, चिडलं, पुरळ आलं की "ते मलम लाव, दोन दिवसांत जाईल" हे जे सर्रास चालतं, त्यातून माणसं महिनोन् महिने त्रास भोगतात.

मी फार्मासिस्ट आहे. शेपटापर्यंत पिळून गुंडाळत आणलेली, वरची अक्षरं पुसट झालेली ट्यूब समोर येते आणि पाठोपाठ "हेच द्या." कशासाठी लावता? तर खाजेसाठी. कुणी लिहून दिलं? वहिनीला दिलं होतं, तिला फरक पडला. किती दिवस झाले? इथे बहुतेक जण थबकतात. मग हिशेब करत म्हणतात, "झाले असतील तीन-चार महिने. पण लावलं की बरं वाटतं, सोडलं की परत येतं."

लावलं की बरं, सोडलं की परत. हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण चुकीच्या आजारावर स्टेरॉईड चाललं असेल तर माणूस हमखास हेच बोलतो.

ट्यूबमधली दोन औषधं दोन वेगळी कामं करतात. अँटिबायोटिक जिवाणू मारतं किंवा त्यांची वाढ रोखतं, बस. बुरशीवर, विषाणूवर, खरजेच्या किड्यावर त्याचा उपयोग शून्य. स्टेरॉईड कुठलाच जंतू मारत नाही. ते शरीराची प्रतिक्रिया दाबतं. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, सूज ओसरते, खाज थांबते. जंतू असो, अ‍ॅलर्जी असो, बुरशी असो, आराम मात्र सगळ्यांत पडतो आणि एक-दोन दिवसांतच पडतो. म्हणून आराम पडला याचा अर्थ औषध बरोबर होतं असा काढता येत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते.

१९५२ साली सुल्झबर्गर आणि विटेन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉईड त्वचेवर लावून गुण येतो हे दाखवलं आणि त्वचारोगांच्या उपचाराचं रूपच पालटलं. त्याआधी इसबाच्या रोग्याला काय काय सोसावं लागत असेल, याचा विचार केला की या औषधाबद्दल आदरच वाटतो. पण पुढच्या सोळा वर्षांत दुसरी बाजूही कागदावर आली. १९६८ मध्ये आइव्ह्ज आणि मार्क्स यांनी स्टेरॉईड लावून रूप बदललेल्या गजकर्णाच्या रोग्यांबद्दल लिहिलं आणि त्याला टिनिया इन्कॉग्निटो असं नाव दिलं.

गजकर्ण, म्हणजे बुरशीमुळे होणारा नायटा, मुळात ओळखायला फार अवघड नसतो. गोल चट्टा, कडा उचललेली, लालसर, तिच्यावर कोंड्यासारखे पापुद्रे, मधला भाग त्यामानाने स्वच्छ. आता यावर स्टेरॉईड असलेलं मलम लावा. कडा बसते, पापुद्रे जातात, लाली फिकी पडते. रोगी खूश. पण बुरशीला आवरणारी शरीराची प्रतिक्रियाच आपण दाबून टाकलेली असते, त्यामुळे बुरशी निवांतपणे पसरत राहते. जांघेतून मांडीवर, कमरेच्या पट्ट्याखालून पाठीवर. मलम सोडलं की चार दिवसांत सगळं उसळून वर येतं, आधीपेक्षा मोठं. पुन्हा लावलं की पुन्हा शांत. अशी काही वर्तुळं फिरली की चट्ट्याचं रूप इतकं बदलतं, की डॉक्टरांनाही नुसत्या नजरेने खात्री देता येत नाही. कडेचे पापुद्रे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात.

"पण माझ्या ट्यूबमध्ये बुरशीचंही औषध आहे" असं काही जण सांगतात. काही ट्यूबमध्ये तिन्ही असतात हे खरं. तरीही त्यातलं स्टेरॉईड बुरशीच्या पथ्यावरच पडतं, आणि खाज लवकर थांबल्यामुळे माणूस बुरशीचा उपचार अर्ध्यावर सोडतो. बुरशीचं औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं असतं, तर तीव्र स्टेरॉईड लवकरात लवकर थांबवायचं असतं. एकाच ट्यूबमधून हे दोन्ही साधायचं कसं? मला तरी हे मिश्रण स्वतःच्या मनाने घेणं अजिबात पटत नाही.

मग स्टेरॉईड आणि अँटिबायोटिकची जोडी आहे कशासाठी? मुख्यतः इसब किंवा तशाच त्वचादाहावर जिवाणूंचा संसर्ग झाला असेल तेव्हा. म्हणजे आधीच सुजलेली, खाजरी त्वचा खाजवून फुटली आहे, तिथून पाणी येतंय, मधासारखे पिवळे खवले धरलेत. दाह आणि जिवाणू दोन्ही एकाच जागी. तिथे थोड्या दिवसांसाठी डॉक्टर हे मलम देतात, साधारण एक ते दोन आठवड्यांपुरतं. त्यानंतर अँटिबायोटिक थांबतं. गरज असेल तर नुसतं स्टेरॉईड आणि त्वचा मऊ ठेवणारं मलम पुढे चालतं.

आता तर या मुख्य वापराबद्दलही हात आखडता घेतला जातोय. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये इसबावरच्या संसर्गाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सांगितलंय की रोगी एरवी ठणठणीत असेल, ताप वगैरे नसेल, तर सरसकट अँटिबायोटिक देऊ नये, लावायचंही नाही आणि पोटातलंही नाही. इसबाचा दाह नीट आटोक्यात आणला की बऱ्याचदा जिवाणूंचं प्रमाण आपोआप घटतं. द्यायचंच झालं तर फ्युसिडिक ॲसिड हे लावायचं अँटिबायोटिक, २ टक्के, दिवसातून तीनदा, ५ ते ७ दिवस. पाच ते सात दिवस! आणि इथे माणसं महिन्यांचा हिशेब सांगतात.

अँटिबायोटिक रेंगाळलं की काय होतं, हे वेगळं सांगायला नको, पण मलमाच्या बाबतीत लोकांना ते खरं वाटत नाही. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा, मनाने घ्यायच्या नाहीत, हे आता बऱ्याच जणांना पटलंय. मलम मात्र "वरून तर लावायचं" म्हणून सुटतं. त्वचेवरच्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंना फ्युसिडिक ॲसिड पचवायला शिकणं फार जड जात नाही, आणि असे निबर झालेले जिवाणू घरातल्या बाकीच्यांच्या त्वचेवरही जाऊन बसतात. मग खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही.

निओमायसिन हे अँटिबायोटिक असलेल्या ट्यूबची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचीच अ‍ॅलर्जी अनेकांना होते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने निओमायसिनला त्या वर्षाचा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठरवलं होतं. सोबत स्टेरॉईड असलं की अ‍ॅलर्जीची लाली दबून जाते, त्यामुळे ती झाली आहे हेच कळत नाही. जखम भरत नाही, आपण आणखी मलम लावतो, आणि जे लावतोय त्यानेच ती चिघळते. कानाचा पडदा फाटलेला असेल तर निओमायसिन कानात जाता कामा नये. त्याने ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो.

आता स्टेरॉईडच्या जोराबद्दल. इथे एक गैरसमज फार पक्का आहे. ट्यूबवर छोटा आकडा दिसला की लोक म्हणतात, हे हलकं औषध. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य आहे. बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का तीव्र आहे. क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, म्हणजे यादीतला सर्वात छोटा आकडा, ते अतितीव्र गटात येतं. तेव्हा टक्क्यांवर जाऊ नका. ट्यूबवर स्टेरॉईडचं नाव वाचा आणि ते कुठल्या गटातलं आहे ते डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. विचारल्याने कुणी रागावत नाही. मला तर विचारणारी माणसं आवडतात.

जागेनेही मोठा फरक पडतो. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या कुठल्या भागातून किती आत मुरतं हे मोजलं. मनगट ते कोपर या भागातलं शोषण १ धरलं तर तळपायाला ०.१४, कपाळाला ६, जबड्याच्या त्वचेला १३ आणि वृषणाच्या त्वचेला तब्बल ४२ भरलं. म्हणजे तळपायाच्या भेगाळ इसबावर दिलेलं मलम चेहऱ्यावर किंवा जांघेत लावणं म्हणजे तेच औषध कितीतरी पटींनी जास्त घेणं. चेहऱ्यावर त्यातून पुटकुळ्या, तोंडाभोवती लाल पुरळ, दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या येतात. जांघेत आणि काखेत त्वचा पातळ होऊन ताणल्याचे पट्टे उमटतात, आणि ते पट्टे पुढे पूर्ण पुसले जात नाहीत. पापण्यांवर किंवा डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. रंग उजळतो म्हणून चेहऱ्याला हे मलम लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, त्वचा उजळत नाहीये, तिचं नुकसान होतंय.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत जास्तच जपायला हवं. अंगाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त असते आणि नाजूकही असते, त्यामुळे औषध रक्तात सहज जातं. त्यात डायपरखाली लावलं तर वरून घट्ट झाकण बसतं आणि शोषण आणखी वाढतं. डायपरच्या पुरळात पुष्कळदा बुरशीही असते. तेव्हा बाळाला डॉक्टरांनी पाहून सांगितल्याशिवाय स्टेरॉईडचं बोटही लावू नका.

हे सगळं वाचून दुसऱ्या टोकाला जाणारेही आहेत, आणि मला त्यांचीही तेवढीच काळजी वाटते. स्टेरॉईड हा शब्द ऐकला की आई-बाबा मलम नुसतं दाखवल्यासारखं लावतात. दाह शमत नाही, पोर रात्रभर खाजवतं, त्वचा फुटते आणि तिथूनच जिवाणू आत शिरतात. डॉक्टरांनी इसबासाठी नीट पाहून स्टेरॉईड दिलं असेल तर ते पुरेसं लावा. पुरेसं म्हणजे किती, याला एक सोपं माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत ट्यूबमधून सरळ रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. मोठ्या माणसाचे दोन तळहात, बोटं जुळवून धरलेली, जेवढी जागा झाकतील तेवढ्या भागाला ती पुरते. मुलाला लावतानाही बोट मोठ्याचंच धरायचं, जागा मात्र मुलाच्या चट्ट्याची मोजायची. हात धुवायचे, पातळ थर द्यायचा, घासत बसायचं नाही, आणि परत हात धुवायचे. चट्टा हातावरच असेल तर अर्थातच शेवटचं धुणं सोडायचं. त्वचा मऊ ठेवणारं मलमही लावत असाल तर दोन्हींच्या मध्ये अर्धा तास जाऊ द्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वरून पट्टी बांधू नका.

आणि काही दुखणी अशी आहेत की तिथे या ट्यूबचं काम नाही. नागीण, कांजिण्या, ओठावरचे नागिणीसारखे फोड, खरूज, गजकर्ण, मुरुमं. लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती येणारे पिवळे खवल्यांचे फोड, ज्याला डॉक्टर इम्पेटिगो म्हणतात, ते जिवाणूंचेच असतात, पण तिथे स्टेरॉईडची गरज नसते. गळू पिकलं असेल तर मलम आतपर्यंत पोचत नाही.

काही वेळा मात्र मलमाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. लाली तासातासाला पसरतेय, जागा गरम लागतेय, ठणकतेय, सोबत ताप आहे, तर तो त्वचेच्या खोल थरातला संसर्ग असू शकतो. आणि इसब असलेल्या माणसाला अचानक एकसारख्या आकाराच्या, मध्ये खळगा पडलेल्या, दुखऱ्या बारीक फोडांचा घोस आला, अंगात कणकण आली, तर तो हर्पीस या विषाणूचा संसर्ग असू शकतो. तिथे विषाणूविरोधी औषध लवकर सुरू होणं फार महत्त्वाचं असतं. डोळ्याजवळ असेल तर एक तासही दवडू नका.

ज्यांचं मलम महिनोन् महिने चालू आहे, त्यांनी हे वाचून आज रात्रीच बंद करू नये. खूप दिवस वापरलेलं तीव्र स्टेरॉईड एकदम सोडलं तर त्वचा भडकू शकते, आग होते, आणि माणूस घाबरून परत त्याच ट्यूबकडे वळतो. किती जोराचं, किती जागेवर आणि किती दिवस लावलंय, यावर ते कसं थांबवायचं हे ठरतं, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायला हवं. जाताना ट्यूब सोबत न्या, पुसट झालेली असली तरी न्या. "एक पांढरं मलम होतं" एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही. आधी काय काय लावून झालंय ते सगळं सांगा, वहिनीचं मलम धरून. नवीन मलम लिहून दिलं तर तिथेच विचारा, हे कुठे लावायचं, दिवसातून किती वेळा, आणि कुठल्या तारखेला थांबवायचं. ती तारीख खोक्यावर पेनाने लिहून ठेवा.