फौजेचं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट म्हणजे बी.ए. नव्हे

माजी सैनिकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: "दहावी पास जवानाने १५ वर्षं सेवा केली की रेकॉर्ड ऑफिस (सैन्याचं सेवा-नोंदी ठेवणारं कार्यालय) ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट देतं. ते बी.ए.च्या बरोबरीचं. एम.ए., एल.एल.बी.ला थेट प्रवेश. वर डिफेन्स कोटा आणि पंतप्रधान शिष्यवृत्ती." नुकतेच पेन्शनवर आलेले आमच्या ओळखीतले एक हवालदार हे वाचून तीन वर्षांच्या एल.एल.बी.च्या तयारीला लागलेत. आता गप्प बसणं शक्य नाही.

सर्टिफिकेट मिळतं, हे खरं. केंद्राच्या माजी सैनिक पुनर्नियुक्ती नियमांनुसार (१९७९, दुरुस्ती १९८६) गट-क मधल्या राखीव जागांना पदवीची अट असली, तरी असा जवान पात्र धरता येतो. तेही त्या पदाला तांत्रिक अनुभव अनिवार्य नसेल तर. म्हणजे सवलत नोकरीपुरती, तीही ठरावीक जागांपुरती.

कॉलेजचा हिशेब वेगळा. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६, कलम २२ वाचा: पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला. रेकॉर्ड ऑफिस यात कुठे बसतं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. सीईटीचा फॉर्म भरला गेला म्हणजे पात्र ठरलो, असं होत नाही. कागदपत्र पडताळणीत विद्यापीठाची गुणपत्रकं मागतात आणि गाडी तिथेच अडते. तोवर क्लासची फी आणि एक वर्ष गेलेलं असतं.

सरळ रस्ता लांबचा आहे, पण आहे. फक्त दहावी असेल तर आधी एनआयओएस, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून बारावी: पाच विषय, त्यात निदान एक भाषा, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात नऊ संधी मिळतात. पेन्शनरला दुसरी नोकरी सांभाळून हे जमतं. मग इग्नू (केंद्राचं मुक्त विद्यापीठ) किंवा नाशिकचं मुक्त विद्यापीठ. इग्नूची बी.ए. कमीत कमी तीन वर्षांत, जास्तीत जास्त सहा वर्षांत. डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळणारं सेवापुस्तक) आणि दहावीच्या गुणपत्रिकेत नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर दुरुस्ती प्रवेशाआधी उरका.

कोट्याचं म्हणाल, तर राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशातला डिफेन्स कोटा सैनिकांच्या मुलांसाठी आहे. पंतप्रधान शिष्यवृत्तीही माजी सैनिकांच्या मुलामुलींना आणि विधवांना: मुलग्यांना महिना २,५०० रुपये, मुलींना ३,०००. जवानाच्या स्वतःच्या फीसाठी नाही.

आता हाच मेसेज अग्निवीरांनाही पाठवतायत. अहो, त्यांची सेवाच चार वर्षांची, १५ कुठून आणणार? त्यांच्यासाठी इग्नूची वेगळी पदवी आहे. तिचे निम्मे क्रेडिट प्रशिक्षणातून मिळतात, उरलेल्या निम्म्यांसाठी अभ्यास करून पेपर द्यावेच लागतात.